सामाजिक शास्त्रांतली एम.ए. वेळेत कशी पूर्ण करावी

एम.ए.च्या शेवटच्या सत्रात अडकून पडणारे विद्यार्थी सहसा अभ्यासात कच्चे नसतात. कुणाचा संशोधन पद्धतीचा पेपर राहिलेला असतो आणि तो वर्षातून एकदाच शिकवला जातो. कुणी माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीची मंजुरी यायच्या आधीच मुलाखती उरकलेल्या असतात. कुणाच्या क्रेडिटची बेरीज भरते, पण त्यातले काही नको त्या रकान्यात पडलेले असतात. काम झालेले असते, क्रम चुकलेला असतो. म्हणून इथे भर आहे तो कशाच्या आधी काय उरकायचे यावर. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, मानववंशशास्त्र, मानसशास्त्र, विषय कोणताही असला तरी सांगाडा जवळपास हाच असतो.

आधी नियमावली हातात घ्या

तुम्हाला लागू होते ती सहसा तुमच्या प्रवेशवर्षाची नियमावली. सीनिअरने सांगितलेले नियम त्याच्या बॅचचे असतात आणि संकेतस्थळावर आज दिसतो तो अभ्यासक्रम कदाचित पुढच्या बॅचचा. प्रवेश झाला की त्या वर्षाची पीडीएफ उतरवून ठेवा. पुढे कुणी ‘आता नियम बदललाय’ म्हणाले तर दाखवायला तीच कामाला येते.

त्या पीडीएफमधून एका कागदावर एवढेच उतरवा: एकूण क्रेडिट किती, त्यात अनिवार्य किती, ऐच्छिक किती, बाहेरच्या विभागातून किती चालतात, प्रत्येक पेपरात किमान श्रेणी कोणती, एकूण सरासरी किती लागते, पदवी पूर्ण करण्याची कमाल मुदत किती. किमान श्रेणी आणि किमान सरासरी या दोन वेगळ्या अटी आहेत. सगळे पेपर काठावर सुटले आणि सरासरी खाली राहिली, तर पदवी मिळत नाही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी चारपैकी ३.० सरासरी लागते, आणि पदव्युत्तर पेपरात ‘सी’ मिळाला तर तो पेपर कित्येक विभाग पदवीसाठी धरतच नाहीत.

क्रेडिटचे माप देशागणिक वेगळे आहे, त्यामुळे आकड्याची आकड्याशी तुलना करू नका. युरोपात वर्षाला ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास. मास्टर्स बहुधा ९० किंवा १२० क्रेडिटची. ब्रिटनमध्ये १८० क्रेडिट, एकाला १० तास, आणि त्यातले साधारण ६० एकट्या प्रबंधाचे. अमेरिकेत ३० ते ३६ क्रेडिट, बहुतेक पेपर तीन-तीन क्रेडिटचे. भारतातल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला ४० क्रेडिट आणि १,२०० तास धरले आहेत. दोन वर्षांच्या एम.ए.ला त्या हिशोबाने ८०, आणि चार वर्षांची पदवी करून आलेल्यांसाठी एका वर्षाचा पर्यायही आहे. तासांचा हा हिशोब वेळापत्रक आखताना उपयोगी पडतो. चार क्रेडिटचा पेपर १२० तासांचा. वर्गात ६० तास गेले तर तेवढेच घरी बसून घालवायचे आहेत. असे पाच पेपर एका सत्रात घेतले आणि जोडीला नोकरी असली, तर कुठला पेपर मागे पडणार हे पहिल्याच आठवड्यात ओळखता येते.

क्रेडिट कुठे बुडतात? दुसऱ्या विभागातला पेपर लेखी परवानगीशिवाय घेतला, तर तो गुणपत्रिकेवर दिसतो आणि पदवीच्या बेरजेत येत नाही. पदवीला असताना घेतलेला प्रगत पेपर पुन्हा मोजता येत नाही. ऑनलाइन अभ्यासक्रमाचे क्रेडिट वळते करून घ्यायचे असतील, तर मान्यता नाव नोंदवण्याआधी घ्यावी लागते. नंतर गेलात तर वरातीमागून घोडे. नुसते ऐकायला बसलेला, परीक्षा न दिलेला पेपर शून्य क्रेडिटचा.

पहिल्या सत्रात कोणता पेपर घ्यावा, याचे आमचे उत्तर ठाम आहे: संशोधन पद्धती. विषय रूक्ष वाटतो म्हणून तो पुढे ढकलण्याकडे कल असतो, पण प्रबंधाचा आराखडा त्याच्यावाचून मंजूर होत नाही, कधी नियमाने आणि नेहमीच व्यवहाराने. सांख्यिकीचा पेपर वेगळा असेल तर तोही पहिल्या वर्षातच संपवा. तुमचा प्रबंध मुलाखतींवर उभा राहणार असला तरीही. आधीच्या संशोधनाच्या आढाव्यासाठी वाचायच्या निम्म्या लेखांत प्रतिगमनाची (रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी किती संबंध आहे ते मोजणारी) कोष्टके असतील आणि ती ओलांडून पुढे जाता येणार नाही.

प्रबंध घ्यायचा की नाही

बऱ्याच ठिकाणी दोन वाटा असतात. एकीत प्रबंध, दुसरीत जास्तीचे पेपर आणि शेवटी सर्वसमावेशक परीक्षा, प्रकल्प किंवा क्षेत्रकार्य. पीएच.डी. करायची असेल तर प्रबंधच घ्या, कारण प्रवेशावेळी लेखनाचा नमुना आणि मार्गदर्शकाचे शिफारसपत्र दोन्ही तिथूनच येते. थेट नोकरी करायची असेल, तर चांगल्या संस्थेतला प्रकल्प जास्त उपयोगी पडतो. वाट बदलायची शेवटची तारीख नियमावलीत असते, ती वरच्या कागदावर लिहून ठेवा. प्रबंधाची वाट मध्येच सोडणाऱ्याला जास्तीच्या पेपरांसाठी आणखी एक सत्र द्यावे लागते.

विषयाचा प्रश्न करा

‘स्त्रिया आणि काम’ हा विषय झाला, प्रश्न झाला नाही. ‘परिचारिकांच्या समस्यांचा अभ्यास’ हाही नाही. समस्यांचा अभ्यास कुठे थांबवायचा हे कुणालाच सांगता येत नाही. आता हे पाहा: ‘लहान मुले असलेल्या परिचारिका रात्रपाळीच्या दिवशी मुलांच्या सांभाळाची व्यवस्था कशी लावतात, आणि पाळी ऐनवेळी बदलली की त्या व्यवस्थेचे काय होते?’ इथे कुणाशी बोलायचे ते ठरले, काय विचारायचे ते ठरले, आणि उत्तर कोणत्या रूपात येईल याचा अंदाजही बांधता आला.

प्रश्न कागदावर आला की त्याला चार बाजूंनी टोचून बघा. तुमचे एकक काय: व्यक्ती, कुटुंब, संस्था की दस्तऐवज? त्या एककापर्यंत तुम्ही खरोखर पोहोचू शकता का? तीन-चार महिन्यांत माहिती गोळा होईल का? आणि उत्तर तुमच्या अपेक्षेच्या उलट आले तरी प्रबंध उभा राहील का? शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले, तर तुम्ही निष्कर्ष आधी ठरवला आहे आणि पुरावा शोधायला निघाला आहात. परीक्षकाच्या नजरेतून ते सुटत नाही.

मार्गदर्शक

नाव मोठे आहे म्हणून गाईड निवडू नये. तुमची पद्धत त्यांना येते का, त्यांच्याकडे सध्या किती विद्यार्थी आहेत, आणि तुम्ही प्रबंध सादर कराल त्या सत्रात ते रजेवर तर नाहीत ना, हे तीन प्रश्न जास्त महत्त्वाचे. भेटायला जाताना एक पान न्या: प्रश्न, कोणाची माहिती घेणार, कशी घेणार, आणि आधी वाचलेले पाच-सहा लेख. ‘सर, एखादा विषय सुचवा ना’ म्हणत गेलात, तर सरांना स्वतःच्या प्रकल्पासाठी हवा असलेला विषय मिळेल. वाईटच असेल असे नाही, पण तो तुमचा नसेल.

होकार मिळाला की एक गोष्ट स्पष्ट ठरवून घ्या: प्रकरण दिल्यावर अभिप्राय किती दिवसांत येणार. दोन आठवडे हा रास्त काळ आहे. प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी चार ओळींचा ईमेल पाठवा: काय ठरले, पुढे काय, कधीपर्यंत. सहा महिन्यांनी ‘हे प्रकरण मी कधीच मान्य केले नव्हते’ असे ऐकावे लागले, तर त्या चार ओळींवाचून दुसरा आधार नसतो. आणि काम झाले नसेल तर ताकाला जाऊन भांडे लपवू नका. भेट टाळत राहिलेला विद्यार्थी मार्गदर्शकाच्या यादीतून हळूच घसरतो.

आराखडा आणि नैतिक मंजुरी

आराखडा दीड ते तीन हजार शब्दांचा असतो. प्रश्न, तो का विचारण्याजोगा आहे, आधीच्या संशोधनात नेमकी कुठे जागा आहे, पद्धत, नमुना, वेळापत्रक, मर्यादा. समिती सर्वांत बारकाईने वाचते ते पद्धतीचे पान. ‘मिश्र पद्धत वापरली जाईल’ एवढेच लिहिले की आराखडा परत येतो, कारण कोणती माहिती कोणत्या उपप्रश्नासाठी हे त्यातून कळत नाही. एम.ए.च्या वेळेत सर्वेक्षण आणि मुलाखती दोन्ही नीट करणे कठीणच. एक निवडा आणि ते चांगले करा.

माणसांकडून माहिती घेणार असाल तर नैतिकता समितीची मंजुरी लागते. माणसांवरच्या संशोधनाबद्दलच्या अमेरिकेतल्या १९७९च्या बेलमाँट अहवालातली तीन तत्त्वे, म्हणजे व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय, आजही बहुतेक समित्यांच्या अर्जामागे असतात. अर्जासोबत साधारण एवढे जोडावे लागते:

– सहभागींसाठी माहितीपत्रक, त्यांना समजेल अशा भाषेत
– संमतीपत्र, ध्वनिमुद्रणाच्या संमतीची वेगळी ओळ ठेवून
– प्रश्नावली किंवा मुलाखतीची रूपरेषा
– सहभागींना बोलावण्याचा मजकूर, अगदी व्हॉट्सॲपवर टाकायचा असेल तोही
– माहिती कुठे, किती काळ आणि कुणाच्या ताब्यात राहील याची नोंद
– संस्थेत जाणार असाल तर संस्थेचे परवानगीपत्र

हे शेवटचे पत्र सर्वांत जास्त वेळ खाते. वरच्या उदाहरणात रुग्णालयाचे पत्र लागेल आणि ते दोन-तीन टेबलांवरून फिरत येईल. त्यामुळे आराखडा मंजूर व्हायची वाट न बघता आधीच अर्ज करून ठेवा. परवानगी मिळाली म्हणून मेट्रनला परिचारिकांची यादी काढायला मात्र सांगू नका. वरिष्ठांनी पाठवलेल्या बाईला ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि जी संमती नाकारता येत नाही ती संमतीच नव्हे. सूचनाफलकावर पत्रक लावा, इच्छुकांनी थेट तुम्हाला फोन करावा.

साधा अर्ज दोन-तीन आठवड्यांत सुटतो. मुले, रुग्ण, कैदी असे सहभागी असतील तर पूर्ण समितीची बैठक लागते आणि प्रकरण दोन-तीन महिन्यांवर जाते. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आणि शिवाय मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. मंजुरी मागील तारखेने मिळत नाही. आधी घेतलेल्या मुलाखती बाद होतात, कितीही सुंदर असल्या तरी. मंजुरीनंतर प्रश्न बदलले किंवा सहभागींचा गट वाढवला तर दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागतो. आणि सार्वजनिक, निनावी आकडेवारी वापरणाऱ्यांना बहुधा सूट असते, पण सूट आहे हे समितीने लिहून द्यायचे असते. स्वतःच ठरवायचे नसते.

माहिती गोळा करणे

सर्वेक्षण करणाऱ्यांचा पहिला प्रश्न: नमुना किती घ्यायचा? ९५ टक्के विश्वासपातळी आणि अधिक-उणे ५ टक्के त्रुटी धरली, तर मोठ्या लोकसंख्येसाठी ३८५ हा आकडा येतो. लोकसंख्या हजारच असेल तर २७८ पुरतात. पण २७८ प्रतिसाद हवे असतील आणि दहापैकी चारच जण फॉर्म भरतील असे वाटत असेल, तर जवळपास ७०० जणांपर्यंत पोहोचावे लागेल. हा हिशोब आराखड्यातच दाखवा.

त्याहून मोठी चूक वेगळीच असते. हे सूत्र यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढावा तशा, नमुन्यासाठी आहे. गुगल फॉर्मची लिंक चार व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ३८५ जणांनी भरली म्हणून त्रुटी पाच टक्के होत नाही. ती मोजताच येत नाही, कारण कुणाला निवडले जाण्याची शक्यता किती होती हेच माहीत नसते. सोयीचा नमुना घेणे हा गुन्हा नाही. घेतला असेल तर तसे लिहा, आणि निष्कर्ष ‘या प्रतिसादकांमध्ये’ एवढ्यावर थांबवा. परीक्षकांच्या प्रश्नांपैकी निम्मे तिथेच शमतात.

प्रश्नावली खऱ्या मैदानात नेण्यापूर्वी दहा-पंधरा जणांवर चालवून बघा, आणि ते तुमच्या वर्गातले नसावेत. ‘पाळी आणि पगाराबाबत तुम्ही समाधानी आहात का?’ हा एक प्रश्न दिसतो, आहेत दोन. पाळीवर नाराज आणि पगारावर खूश असलेल्या बाईने कुठे खूण करायची? असे प्रश्न चाचणीतच पकडले जातात. वेळ मोजा. पंधरा मिनिटांच्या पुढे फॉर्म गेला की शेवटच्या पानावर सगळ्या खुणा एकाच रकान्यात सरळ रेषेत पडू लागतात. अनेक विधानांची मिळून एक मोजपट्टी केली असेल तर क्रोनबॅक अल्फा (ती विधाने एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढा, ०.७च्या पुढे असावा असा प्रघात आहे, पण उलट्या अर्थाच्या विधानांचे गुण फिरवायचे राहिले तर चांगली मोजपट्टीही ०.३ दाखवते. कमी अल्फा दिसला की आधी तेच तपासा. आणि न दिलेल्या उत्तरांसाठी ९९ टाकत असाल तर सॉफ्टवेअरला ते कोरे आहे हे सांगा. नाहीतर सरासरी वय गमतीदार येते.

मुलाखतींचे गणित वेगळे. एकसारख्या गटात १२ ते २० मुलाखतींत बहुतेक मुद्दे पुन्हा पुन्हा येऊ लागतात. तासाभराच्या ध्वनिमुद्रणाचे लिप्यंतर करायला चार ते सहा तास लागतात, म्हणजे २० मुलाखतींना शंभर तास. वेळापत्रकात ही ओळ हमखास राहून जाते. यंत्राने केलेले लिप्यंतर वेळ वाचवते, पण बोलीतले शब्द आणि अर्धवट सोडलेली वाक्ये त्यात नाहीशी होतात, तेव्हा ऐकत ऐकत दुरुस्ती करावीच लागते. शिवाय ध्वनिफीत बाहेरच्या सेवेवर चढवायची असेल तर ते संमतीपत्रात असले पाहिजे.

प्रश्न विचारण्याची एक युक्ती. ‘मुलांच्या सांभाळाची अडचण येते का?’ असे विचारले की ‘येते, पण होतं सगळं’ एवढेच हाती लागते. त्याऐवजी म्हणा: ‘तुमची मागची रात्रपाळी आठवा. त्या दिवशी दुपारपासून काय काय झाले ते सांगा.’ आता कोण डबा भरून गेले, कोणी शाळेतून आणले, सासूबाईंना कधी फोन केला, शेजारणीकडे किल्ली का ठेवली, हे सगळे येते, आणि विश्लेषणाला धरून बसायला काहीतरी मिळते. मुलाखत संपल्यावर त्याच दिवशी नोंदी लिहा. मुद्रण बंद केल्यावर दारात उभे राहून सांगितलेल्या गोष्टी पुष्कळदा महत्त्वाच्या असतात, मात्र त्या वापरायला पुन्हा विचारून परवानगी घ्यावी लागते.

नाव बदलले म्हणजे ओळख लपली असे समजू नका. ‘अतिदक्षता विभागातला एकमेव पुरुष परिचारक’ असे लिहिले की सगळ्या रुग्णालयाला माणूस कळला. टोपणनाव आणि खरे नाव यांची जुळणी असलेली फाइल वेगळी, पासवर्ड लावून ठेवा.

मैदानात जायला वेळच नसेल तर आयत्या आकडेवारीवर उत्तम प्रबंध होतो. जागतिक मूल्य सर्वेक्षण १९८१पासून चालू आहे, युरोपीय सामाजिक सर्वेक्षण २००२पासून दर दोन वर्षांनी होते. दोन्ही फुकट उतरवता येतात. इथली नेहमीची चूक म्हणजे भार, म्हणजे प्रत्येक उत्तराला लोकसंख्येतल्या वाट्याप्रमाणे द्यायचे वजन, न लावणे. काही गट मुद्दाम जास्त प्रमाणात घेतलेले असतात, त्यामुळे भाराशिवाय काढलेली टक्केवारी देशाची नसते, नमुन्याची असते. सोबतचे माहितीपुस्तक आधी वाचा, मग फाइल उघडा.

लेखन

१८ हजार शब्दांचा प्रबंध असेल तर वाटणी साधारण अशी बसते: प्रस्तावना १,८००, साहित्याचा आढावा ४,०००, पद्धत २,५००, निष्पत्ती ६,०००, चर्चा २,५००, समारोप १,२००. विद्यार्थी बहुधा आढाव्यातच आठ हजार शब्द खर्च करतात आणि स्वतःच्या माहितीला चार हजारांत कोंबतात. प्रकरणे छापायच्या क्रमाने लिहू नका. पद्धतीचे प्रकरण माहिती गोळा करतानाच लिहा, कारण कोणत्या दिवशी किती जणांनी नकार दिला हे चार महिन्यांनी आठवत नाही. मग निष्पत्ती, मग आढावा नव्याने, आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी.

आढाव्याचे दुखणे ओळखीचे आहे: ‘अमुक यांनी २०१२ मध्ये असे म्हटले. तमुक यांनी २०१५ मध्ये असे म्हटले.’ ही वाचलेल्याची यादी झाली. परिच्छेदाची सुरुवात लेखकाच्या नावाने न करता मुद्द्याने करून बघा: पाळीच्या कामावरचे कोणते अभ्यास आरोग्याकडे बघतात, कोणते घरातल्या श्रमविभागणीकडे, दोघांत मतभेद कशावर आहेत, आणि तुमचा प्रश्न कोणालाच का पडला नाही. नावे वाक्याच्या पोटात किंवा शेवटी जातील.

निष्पत्तीत कोष्टक देऊन खाली तेच आकडे पुन्हा शब्दांत वाचून दाखवू नका. कोष्टकातले नवल सांगा. मुलाखतीतले उद्धरण दिले की त्यानंतर तुमचे वाक्य आलेच पाहिजे. अवतरण स्वतःहून काही सिद्ध करत नाही. एकाच वेळी घेतलेल्या सर्वेक्षणातून ‘यामुळे ते झाले’ असे म्हणता येत नाही, ‘या दोहोंत संबंध दिसतो’ इथवरच जाता येते. पी-मूल्य (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५च्या खाली आले म्हणजे परिणाम मोठा आहे असेही नाही. नमुना मोठा असेल तर क्षुल्लक फरकही त्या रेषेखाली जातो. म्हणून फरकाचा आकार नेहमी सोबत लिहा.

संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरोसारख्या मोफत साधनात टाकत चला. शैली विभाग सांगेल ती, एपीए असो वा शिकागो. एकच धरून ठेवा. वाङ्मयचौर्याबाबत भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम आहेत: १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे, ४० ते ६० असेल तर एक वर्ष सुधारित प्रत देता येत नाही, ६०च्या पुढे नोंदणी रद्द. संदर्भसूची, नीट श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि सलग १४ शब्दांपर्यंतचा योगायोग त्यातून वगळतात. मात्र टक्केवारी कमी म्हणजे सगळे आलबेल असे नाही. शब्द फिरवून दुसऱ्याचा युक्तिवाद उचलला तर सॉफ्टवेअर गप्प बसते, परीक्षक बसत नाही. एआय साधनांचा वापर किती चालतो आणि तो कुठे नमूद करायचा हे विभागाकडून लेखी घ्या. ही साधने अस्तित्वात नसलेले लेखही आत्मविश्वासाने सुचवतात, त्यामुळे उघडून न पाहिलेला एकही संदर्भ सूचीत जाऊ देऊ नका.

सादर करणे आणि तोंडी परीक्षा

पदवीसाठीचा अर्ज हा प्रबंधापेक्षा वेगळा असतो आणि त्याची तारीख पुष्कळदा प्रबंध द्यायच्या दोन-तीन महिने आधी येऊन जाते. ती चुकली तर सगळे उत्तीर्ण होऊनही पदवी पुढच्या समारंभात. त्याच सत्रात तुमची नोंदणी चालू असावी लागते, शुल्क भरलेले असावे लागते, ग्रंथालयाचे ना-देय प्रमाणपत्र लागते. अर्जातले नाव आधीच्या गुणपत्रिकेशी अक्षरन्‌अक्षर जुळते का ते बघा. प्रमाणपत्र छापल्यावर दुरुस्तीला महिने जातात.

मांडणी शेवटच्या रात्री करायची गोष्ट नाही. डावा समास बांधणीसाठी बहुधा दीड इंच, ओळींत दीड किंवा दुप्पट अंतर. शीर्षकांना वर्डमधल्या स्टाइल पहिल्यापासून लावल्या असतील तर अनुक्रमणिका आपोआप होते; नसतील तर पृष्ठक्रमांक हाताने टाकत बसावे लागते आणि छपाईआधी एक परिच्छेद वाढला की सगळे पुन्हा. देवनागरीत लिहिले असेल तर युनिकोडच वापरा. जुन्या फाँटमधला मजकूर साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला निरर्थक चिन्हांसारखा दिसतो आणि प्रबंध परत येतो.

तोंडी परीक्षा अर्ध्या ते एका तासाची. हेच का निवडले, दुसरी पद्धत का नाही, हा निष्कर्ष कुणाला लागू होतो, आज पुन्हा केले तर काय बदलाल, हे प्रश्न जवळपास ठरलेले. प्रबंधाची छापील प्रत जवळ ठेवा, महत्त्वाच्या कोष्टकांना चिठ्ठ्या लावा. परीक्षकाने दोष दाखवला आणि तो खरा असेल तर मान्य करा, त्यामुळे निष्कर्ष किती हलतो ते सांगा. वाद घालून गुण वाढत नाहीत. निकाल बहुधा ‘किरकोळ दुरुस्त्यांसह मान्य’ असा येतो. दुरुस्त्यांची यादी तिथेच लिहून घ्या आणि सुधारित प्रतीसोबत तक्ता द्या: कोणता आक्षेप, काय बदलले, कोणत्या पानावर. तक्ता असला की मान्यता लवकर मिळते.

उलट्या बाजूने मोजले तर सादरीकरणाच्या दहा महिने आधी प्रश्न आणि मार्गदर्शक ठरलेले हवेत, आठ महिने आधी मंजुरीचा अर्ज गेलेला हवा, चार महिने आधी माहिती गोळा करणे थांबलेले हवे, आणि सहा आठवडे आधी पूर्ण कच्चा मसुदा मार्गदर्शकाच्या हाती. यातले काही हुकले तर मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या आत द्या, कागदपत्रे जोडून. आजारपण किंवा घरची अडचण असेल तर सत्रविराम घेता येतो आणि तो काळ कित्येक ठिकाणी कमाल मुदतीत धरत नाहीत. पण तोही आधी मागावा लागतो.

पदवी हातात आल्यावरही एक काम उरते. नैतिकता समितीला समाप्तीचा अहवाल द्या, सहभागींना कबूल केला असेल तर दोन पानी सारांश पाठवा, आणि संमतीपत्रात लिहिलेली मुदत भरली की ध्वनिफिती व नावांची फाइल पुसून टाका, फोनमधली आणि क्लाउडवरची प्रतही.